सगळे बाजूनेच येतात

९ जानेवारी

डॉक्टर म्हणाले, फिटचा झटका आला की वहीत लिहून ठेवा. कधी आला, किती वेळ राहिला, त्याआधी काय चाललं होतं. ठीक आहे, लिहिते. पण वही माझी, पेन माझं, तेव्हा बाकीचंही लिहिणार. नुसत्या झटक्यांचीच चाकरी करणारी बाई हवी असेल तर त्यांनी दुसरी शोधावी.

आजपासून नवीन गोळी. जुन्या गोळ्यांना झटके जुमानत नाहीत. मागच्या आठवड्यात मी पोस्टाच्या रांगेत आडवी झाले. शुद्धीवर आले तर एक सद्गृहस्थ माझ्या तोंडात चमचा कोंबायच्या तयारीत. वन्सं त्यांच्या अंगावर ओरडत होत्या, "काही घालू नका तोंडात! कुशीवर वळवा फक्त!" वन्सं म्हणजे ह्यांची धाकटी बहीण. हे गेल्यापासून आम्ही दोघीच घरात. एरवी वन्संचा आवाज शिलाई मशीनच्या वर चढत नाही. त्या दिवशी मात्र म्हणे अख्खं पोस्ट गप्प झालं.

मेंदूचा डॉक्टर म्हणजे कालचं पोर. माझ्याशी बोलेना, वन्संना सांगत होता, "यांना समजावा, ह्या औषधाने नजरेच्या कडा जाऊ शकतात." मी म्हटलं, "बिघडलाय तो मेंदू, कान शाबूत आहेत. मला सांगा." मग माझ्याकडे वळला. समोरचं नीट दिसतं, बारीक अक्षर वाचता येतं, पण बाजूचं हळूहळू जातं. गेलेलं परत येत नाही. म्हणून आधी एकदा आणि मग दर तीन महिन्यांनी डोळ्यांची तपासणी. धडपडायला लागलात, वस्तू सांडायला लागल्या, तर लगेच कळवा. गोळी मनाने एकदम बंद करायची नाही, झटके उसळून येतात. गाडी चालवायची नाही.

"बरं. आणि विमान?" मी विचारलं.

तो हसला नाही. वन्सं हसल्या, तेही रुमालात.

जाता जाता म्हणाला, "पुष्कळदा माणसाला कळतसुद्धा नाही." माणसाला कळत नसेल. ह्या माणसाला कळेल.

११ जानेवारी

पहिली तपासणी झाली. एका पांढऱ्या वाडग्यात तोंड घालून बसायचं. हातात बटण. मधल्या ठिपक्यावर नजर लावायची आणि कुठेही दिवा चमकला की बटण दाबायचं. तपासणारी मुलगी सारखी, "आजी, डोळा हलवू नका. आजी, दिसला की दाबा." मी तिची आजी कधी झाले? माझी नात असती तर केस बांधून कामावर आली असती.

मी खात्री करून दाबत होते, म्हणून काही दिवे हुकले. शेवटी म्हणते, "छान, नजर चांगली आहे. थोडे चुकले फक्त."

थोडे चुकले! सरकारी कचेरीच्या टंकलेखन विभागात मी आयुष्य काढलं, शेवटची वर्षं विभागप्रमुख म्हणून. माझ्या हाताखालून गेलेल्या कागदावर 'थोडे चुकले' म्हणायची कोणाची छाती झाली नाही. कॉन्व्हेंटात टंकलेखन शिकवताना सिस्टर आमच्या हातांवर रुमाल टाकायच्या आणि टाळी वाजवायच्या. एका टाळीला एक अक्षर. टाळी चुकली की पट्टी. अजून बोटं त्या टाळीवर चालतात.

पुढच्या वेळी दाखवते हिला.

२ मार्च

नवी गोळी सुरू झाल्यापासून एकही झटका नाही. खरं तर लिहायला नको, असं लिहिलं की मुद्दाम येईल असं वाटतं. पण नाही आला. आज एकटी वाचनालयात गेले, एकटी आले. जिन्यात कोणाचा हात धरला नाही. वन्सं गॅलरीतून बघत होत्या, मी वर पाहिलं तर आत पळाल्या. मला काय, डोळे नाहीत?

त्या कालच्या पोराला मनातल्या मनात पास केलं. काठावर.

२७ मार्च

वन्सं कपाटांची दारं उघडी टाकतात. दोनदा सांगितलं, तीनदा सांगितलं. आज पुन्हा कपाळमोक्ष. बर्फ आणून दिला आणि वर म्हणतात, "वहिनी, दार मी नाही उघडलं. मगाशी तुम्हीच बशी काढलीत ना?" म्हणजे डोकंही माझंच आणि गुन्हाही माझाच.

शिवाय ते मशीनपुढचं स्टूल. मी आले की त्याला पाय फुटतात आणि बरोबर माझ्या नडगीवर येऊन थांबतं.

१४ एप्रिल

आज दाखवलं तिला.

वाडग्यात तोंड घातलं आणि काही वेळातच माझ्या लक्षात आलं की दिव्यांना ठेका आहे. मशीन आतून बारीक टक करतं, मग दिवा. टक आणि दिवा. म्हणजे सिस्टरची टाळीच की! मग काय, मी ठेक्यावर दाबत गेले. दिवा दिसला की नाही याची घासाघीस करत बसायचं कारणच काय? आलाच असणार. एकही टाळी सोडली नाही.

आणि ती मुलगी कागद हातात घेऊन कपाळाला आठ्या घालते. "आजी, हे विश्वासार्ह नाही आलं. पुन्हा करावं लागेल."

"कोण विश्वासार्ह नाही? मी?"

"तुम्ही नाही हो. निकाल. दिवा नसतानाही बटण दाबलं गेलंय. पुढच्या आठवड्यात याल का?"

"बाळ, तू जन्मायच्या आधीपासून मी बटणं दाबतेय," असं म्हणून पर्स उचलली आणि निघाले. पुन्हा कशाला करायची तपासणी? पैकीच्या पैकी मिळाले तर कॉपी केली म्हणणार, कमी मिळाले तर म्हातारी झालात म्हणणार.

डॉक्टरकडे गेले तर तो फोनवर. कानाला फोन, हातात पेन. "डोळे तपासले?" मी म्हटलं, "तपासले." "झटके?" "नाहीत." "उत्तम, गोळी चालू ठेवा." कागद उलटूनही पाहिला नाही. एवढं शिकून काय उपयोग?

वन्संना सांगितलं, एकही दिवा सोडला नाही. त्यांनी देवाचे आभार मानले. माझे मानायला हवे होते.

६ मे

लोकांना झालंय तरी काय? खालच्या मजल्यावरचे घड्याळजी (घड्याळं दुरुस्त करतात, दुकान आमच्या जिन्याशी) महिनाभर माझ्याशी बोलत नाहीत. आज मीच उभी राहून विचारलं, "काय हो, इतका कसला राग?"

तर मलाच म्हणतात, "मी रोज हात करतो बाई. तुम्ही नाक वर करून निघून जाता. गरिबाला ओळख देत नाही म्हटलं, जाऊ दे."

"कुठून हात करता?"

"इथूनच. दुकानातून."

धादांत खोटं. वर मघापासून समोर उभे असल्याचा आव. मी वळले तेव्हा कुठे उगवले.

घरी येताना एक सायकलवाला अंगावर. घंटी नाही, काही नाही. वर तोच ओरडतो, "ओ आजी, बघून चाला!" फळवाल्याची टोपली माझ्या कोपराने लवंडली, कारण त्याने ती रस्त्यात ठेवली होती. तो म्हणतो रोजच्याच जागी आहे. हल्ली कोणाला समोरून यायची रीतच राहिली नाही. सगळे बाजूनेच येतात, भुतासारखे, आणि आल्यावर म्हणतात आम्ही मघापासून इथेच आहोत.

२१ मे

वन्संनी नवीन खूळ काढलंय. रस्त्याने जाताना माझ्या डाव्या अंगाला चिकटतात. मी सरकले की सरकतात. मी उजवीकडे गेले की फिरून उजवीकडे. कैद्याला हवालदार नेतो तशी माझी वरात. जिन्याच्या पायऱ्यांच्या कडेला पांढऱ्या पट्ट्या चिकटवल्यात. कोणी सांगितलं? "दिसायला बरं पडतं." कोणाला? "मला," म्हणाल्या. सुईत दोरा ओवतात एका फटक्यात आणि म्हणे पायऱ्या दिसत नाहीत.

संध्याकाळी चहा घेताना हळूच, "वहिनी, एकदा डोळे पुन्हा दाखवून येऊ या का?"

माझं डोकंच फिरलं. गोळ्यांच्या डब्यातला तो मुंगीच्या अक्षरातला कागद उघडला आणि चष्म्याशिवाय खडाखडा वाचून दाखवला, "या औषधाने बाजूची दृष्टी कायमची कमी होऊ शकते, समोरची दृष्टी चांगली असल्याने रुग्णाच्या ते लक्षात येत नाही." एक मात्रा चुकले नाही. "वाचा तुम्ही!" म्हटलं. त्यांनी कागदाची घडी घातली आणि परत डब्यात ठेवला.

हरल्या, आणि काय!

८ जून

आज जे झालं ते लिहिणार नव्हते. पण निम्मंच लिहायचं तर वही कशाला?

वन्सं आठवडाभर एक कोट शिवत होत्या, गिऱ्हाईकाचा, फिकट राखाडी, आतून रेशमी अस्तर. इस्त्री करून टेबलावर ठेवला होता. मी पेपर उचलायला हात फिरवला आणि चहाची किटली कोटावर. सगळी. अशी कडेला किटली ठेवतात का? हे मी बोललेसुद्धा. वन्सं फडकं आणायला धावल्या. मी मागे सरकले ती स्टुलावरून थेट जमिनीवर.

आणि मग माझ्या तोंडून निघालं, "मी पडून मरायची वाट बघताय का? म्हणजे हे घर मोकळं होईल!"

त्यांच्या हातात फडकं होतं. चहा ठिबकत होता. म्हणाल्या, "वहिनी, स्टूल जिथे असतं तिथेच आहे."

मला उठवलं. कोट धुतला. मग पिशवी भरली आणि माझ्या लेकीकडे निघून गेल्या. जाताना गोळ्यांचा डबा माझ्या उशाशी ठेवून गेल्या. दारही आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

१० जून

लेकीचा फोन. "आई, आत्याला काय बोललीस तू?"

"तिला विचार."

"ती सांगत नाहीये. जेवतही नाहीये धड. म्हणते, तुझ्या आईला सकाळची गोळी घेतली का विचार."

"घेतली म्हणावं. आणि स्टूल तिच्याबरोबर न्यायचं राहिलं म्हणावं."

"आई, जिभेला हाड नाही तुझ्या."

"कोणाच्याच जिभेला नसतं," मी म्हटलं आणि फोन ठेवला. जिंकले.

१३ जून

कपाटाचं दार लागलं कपाळाला. त्याच जागी.

खोक आली. रक्त पुसलं आणि सवयीने ओरडले, "वन्सं!" ओरडल्यावर आठवलं, घरात मी एकटी आहे.

मग दार कोणी उघडं टाकलं?

मी टाकलं असणार. बरं, टाकलं. पण दार काही गनिमी काव्याने येत नाही. उघडं दार माणसाला दिसतं.

अंगावर पाहिलं तर दोन्ही दंडांवर, नडग्यांवर निळे डाग. वन्सं असताना इतकं लागत नव्हतं. त्या असताना स्टूल भिंतीशी असायचं, खुर्च्या टेबलाखाली असायच्या. मला वाटायचं, माझ्या घरात माझ्याच वस्तू हलवतात.

आज पुढे लिहीत नाही.

१४ जून

सकाळी खुर्ची दरवाजासमोर ठेवून बसले. नजर दाराच्या कडीवर लावली. दोन्ही हात बाजूला पसरले, बोटं हलवत राहिले आणि हात हळूहळू पुढे आणायला सुरुवात केली. हलवतेय हे कळत होतं, दिसत काहीच नव्हतं. आणले, आणखी आणले. बोटं उगवली तेव्हा हात जवळजवळ जोडल्यासारखे झाले होते. पुन्हा केलं. पुन्हा तेच. मधे कडी लख्ख, तिच्यावरचा गंज लख्ख. बाजूला काळोखसुद्धा नाही. काळोख असता तर कळलं असतं. बाजूला काही नाहीच.

इतका राग मला आयुष्यात आला नव्हता. डबा उचलला आणि कचऱ्यात फेकला. डोळे खाणारी अवदसा! कोणी सांगितलं होतं घ्यायला? त्या पोराने. कोणी कागद उलटून पाहिला नाही? त्या पोराने. कोणी ठेक्यावर बटणं दाबली? 

तिथे येऊन राग अडकला. पुढे जाईना, मागे जाईना.

मग गुडघ्यावर बसून बादलीत हात घातला. भाजीच्या साली, चहाचा चोथा, त्यातून डबा शोधला. एकदम बंद करायची नाही, झटके उसळून येतात. घरात एकटी, फरशी दगडाची. रागाला अक्कल नसते, पण मला आहे. डबा पुसला आणि सकाळची राहिलेली गोळी पाण्याबरोबर गिळली. जिने डोळे खाल्ले तिलाच पोटात घेतलं. माझ्या शत्रूवरही अशी वेळ येऊ नये, असं लिहिणार होते. पण दोनचार शत्रू आठवले, त्यांच्यावर यावी.

दवाखान्यात फोन केला. परवाची वेळ मिळाली. "काय होतंय?" असं विचारलं. मी म्हटलं, "तपासणी राहिलीय."

१६ जून

लेक न्यायला आली. वन्सं आल्या नाहीत. मी विचारलं नाही.

तीच मुलगी होती. बसायच्या आधी मी सांगून टाकलं, "मागच्या वेळी मी ठेक्यावर दाबत होते. दिव्यांवर नाही."

ती रागावेल असं वाटलं. रागावली असती तर मला तोंड देता आलं असतं. "मला शंका आली होती," म्हणाली. "म्हणून पुन्हा बोलावलं होतं. तुम्ही आला नाहीत, मग मी फोनही केला होता. कोणीतरी 'चुकीचा नंबर' म्हणून ठेवला."

तो आवाज माझाच होता हे आम्हा दोघींनाही माहीत होतं.

वाडग्यात तोंड घातलं. ठरवलं, दिसला तरच दाबायचं. अगदी मधे दोनतीन चमकले, दाबलं. मग एकही नाही. मशीन टक टक करत होतं. मी वाट बघत राहिले. मशीन बिघडलं असेल. हल्ली सरकारी काय आणि खासगी काय, वस्तू टिकतात कुठे? शेवटी विचारलं, "अगं, सुरू केलंस का?"

"अर्धं झालं, आजी," ती म्हणाली.

मी बटण घट्ट धरून बसले. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला. कोणत्या बाजूने आली ते कळलं नाही.

डॉक्टरने या वेळी फोन बाजूला ठेवला होता. गेलं ते परत येणार नाही. उरलंय ते बहुधा वाचवता येईल. गोळी टप्प्याटप्प्याने कमी करायची, दुसरी चढवायची. मधल्या काळात झटके पुन्हा येऊ शकतात. एकटीने बाहेर पडायचं नाही, बाथरूमची कडी लावायची नाही, गॅसपाशी एकटं उभं राहायचं नाही.

मी म्हटलं, "एप्रिलमधला कागद तुमच्या समोर होता. त्यावर लिहिलं होतं पुन्हा करा म्हणून. तुम्ही तो पाहिलात का?"

लेक म्हणाली, "आई..."

"थांब. माझी चूक मी त्या मुलीला सांगितलीय. आता ह्यांची ह्यांना सांगू दे."

तो खाली बघत म्हणाला, "नाही पाहिला. पाहायला हवा होता."

मला वाटलं होतं हे ऐकलं की बरं वाटेल. काडीचंही वाटलं नाही. मधले महिने कोणी परत दिले असते तर वाटलं असतं.

१९ जून

डॉक्टर म्हणाला एकटीने राहायचं नाही. लेक म्हणाली माझ्याकडे चल. मी म्हटलं, माझ्या घरात मला प्रत्येक कोपरा ठाऊक आहे, तुझ्याकडे नव्याने डोकं फोडून घेऊ का? ती म्हणाली, "मग आत्याला फोन कर. मी मध्यस्थी करणार नाही." माझीच लेक.

केला. त्यांनीच उचलला. मी म्हटलं, "वन्सं, नजर गेलीय बाजूची. बरीच. किटलीचा दोष तुमचा नव्हता, स्टुलाचा तुमचा नव्हता, घराचं बोलले तो माझा होता. यायचं तर या."

"पिशवी भरते," म्हणाल्या.

दुपारी आल्या. मी आपली दाराकडे तोंड करून बसलेली. पिशवी ठेवल्याचा आवाज आला. मला वाटलं आता चहा टाकतील आणि नेहमीसारखं सगळं पोटात घालतील. तर एकदम,

"एकही दिवा सोडला नाही म्हणालीस मला!"

आयुष्यात पहिल्यांदा मला 'तू' म्हणाल्या.

"मी देवाचे आभार मानले! तू धडपडत होतीस ते मला दिसत नव्हतं? रोज दिसत होतं! पण तुझं डोकं फरशीवर आपटताना बघितलंय मी. एकदा नाही, दहादा. तुला काय, तू शुद्धीवर नसतेस. बघायचं मी! मला वाटलं, धडपडू दे, नडग्या फुटू दे, पण झटका तर येत नाही ना! डॉक्टरला सांगितलं असतं तर त्याने गोळी काढली असती. म्हणून पट्ट्या चिकटवत बसले. म्हणून गप्प बसले. मला काय माहीत, तू बटणं वाजवून आलीस!"

आवाज कापत होता. उजवीकडून येत होता. मी मान वळवली तर भिंत दिसली, खिडकीचा पडदा दिसला, मशीन दिसलं. वन्सं दिसेनात.

"आणि घर मोकळं व्हायची वाट बघते म्हणे! या घरात..."

"वन्सं," मी म्हटलं.

"मधे बोलू नकोस! बोलायचं ते सगळं बोललीयस तू!"

"बोलत नाही. पण भांडायचं तर समोर येऊन भांडा. तिथे उभ्या राहिलात तर दिसत नाही मला."

त्या थांबल्या. काहीतरी जड फरशीवरून सरकल्याचा आवाज आला. मग खुर्ची माझ्या गुडघ्यांना टेकली आणि त्या समोर येऊन बसल्या. नाक लाल, केस विस्कटलेले, डोळे भरलेले.

"दिसतंय आता?"

"दिसतंय."

"सगळं?"

"तुम्ही दिसताय."

पदराने नाक पुसलं, आणि जिथे सोडलं होतं तिथून पुढे सुरू झाल्या.